पक्क्या बिलाची गोष्ट : मूल्यवर्धित कर कुठून आला आणि त्याची साखळी कुठे तुटते?

१/२५
२०१० नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रातील अनेक व्यापाऱ्यांच्या हाती विक्रीकर विभागाची नोटीस पडली. त्यांपैकी कित्येकांनी माल खरोखर घेतला होता, पक्के बिल घेतले होते आणि बिलावर दाखवलेला कर किमतीसोबत विक्रेत्याला चुकताही केला होता. तरीही नोटीस सांगत होती : विक्रेत्याने तो कर सरकारजमा केलेला नाही, सबब तुम्ही घेतलेली वजावट नामंजूर. तोच कर आता व्याजासह पुन्हा भरा.

२/२५
एकाने बुडवलेला कर दुसऱ्याने का भरावा? प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या मुळाशी एका साध्या कागदाला मिळालेले असाधारण सामर्थ्य आहे. तो कागद म्हणजे बीजक, बाजाराच्या भाषेत पक्के बिल. त्याला हे सामर्थ्य कसे मिळाले, हे समजण्यासाठी महायुद्धकालीन जर्मनी, १९५४ चे फ्रान्स आणि पराभूत जपान अशी वाट चालून पुन्हा महाराष्ट्रात यावे लागते. #थ्रेड

३/२५
व्यापारावर टप्प्याटप्प्याने कर घेण्याची रीत मराठी मुलखाला नवी नव्हती. पेशवाईत माल जिथे भरला जाई तिथे थळभरीत, जिथे विकला जाई तिथे थळमोड आणि वाटेत नाक्यानाक्यांवर जकात असे. हुंडेकरी नावाचा मध्यस्थ व्यापाऱ्याकडून ठरावीक रक्कम घेऊन वाटेतल्या साऱ्या जकाती परस्पर भागवी. मागच्या नाक्यावर काय दिले, याच्याशी पुढच्या नाक्याला कर्तव्य नव्हते. विसाव्या शतकातील युरोप नेमक्या याच दोषापाशी येऊन अडखळला.

४/२५
निमित्त होते पहिले महायुद्ध. युद्धखर्चाने रिकामे झालेले खजिने भरण्यासाठी जर्मनीने १९१६ मध्ये मालविक्रीवर मुद्रांककर बसवला आणि १९१८ मध्ये त्याचे रूपांतर सर्वसाधारण उलाढाल करात केले. १९२० मध्ये फ्रान्सनेही तोच मार्ग धरला. दर अल्प होता, वसुली सोपी होती. प्रत्येक विक्रीच्या रकमेवर ठरलेला हिस्सा घ्यायचा, इतकाच नियम. दर अल्प असेपर्यंत या कराचा विषारी गुण कोणाच्या लक्षात येत नाही. तो वाढू लागला की मात्र येतो.

५/२५
तो गुण आकड्यांत पाहावा. दर १० टक्के धरू. जिनिंगवाला १०० रुपयांची रुई विकतो, कर १०, एकूण ११०. सूतगिरणी त्यात १०० रुपयांचे काम घालते : २१०, त्यावर कर २१, एकूण २३१. विणकर आणखी १०० घालतो : ३३१, कर ३३.१०, अखेरची किंमत ३६४.१०. तिघांनी मिळून ३०० रुपयांचे मूल्य निर्माण केले आणि सरकारला गेले ६४.१०. कागदावरचा दर १० टक्के, प्रत्यक्षातला २१ टक्क्यांहून अधिक. कारण कराच्या रकमेवरही पुन्हा कर बसत गेला.

६/२५
आता हीच तीन कामे एका छपराखाली करणारी बडी गिरणी पाहा. तिथे विक्री एकदाच होते : ३०० रुपयांवर ३० रुपये कर, किंमत ३३०. कापड तेच, कष्ट तेच, तरी छोट्या विणकराचे ठाण ३४.१० रुपयांनी महाग! म्हणजे करच बड्यांना सांगत होता की वरच्या-खालच्या टप्प्यांतले कारखाने गिळा. जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयाने डिसेंबर १९६६ मध्ये या करपद्धतीतील असमानतेवर बोट ठेवले. सुधारणा मार्गावर आहे, एवढ्याच कारणाने ती काही काळ सहन केली गेली.

७/२५
उपायाची कल्पना मात्र फार आधीच मांडली गेली होती. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस विल्हेल्म फॉन सीमेन्स या जर्मन उद्योगपतीने सुधारित उलाढाल कराचा विचार पुढे केला. १९२१ मध्ये थॉमस ॲडम्स या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने जवळपास तोच विचार स्वतंत्रपणे मांडला. सूत्र एकच : प्रत्येक टप्प्यावर पूर्ण किमतीवर नव्हे, तर त्या टप्प्याने घातलेल्या मूल्यावरच कर घ्यावा. दोघांच्याही देशांनी त्या वेळी हा विचार बाजूला ठेवला.

८/२५
पहिला मोठा प्रयोग जपानमध्ये होता होता राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ कार्ल शूप यांच्या नेतृत्वाखालील मंडळाने १९४९ मध्ये जपानच्या करव्यवस्थेचा अहवाल दिला. त्यानुसार १९५० मध्ये मूल्यवर्धित कराचा कायदा झाला. विक्रीतून खरेदी वजा करून उरलेल्या रकमेवर कर, असा हिशेबवह्यांवर उभा असलेला तो कर होता. अंमलबजावणी पुनःपुन्हा लांबली आणि १९५४ मध्ये एक रुपयाही, किंबहुना एक येनही, वसूल न करता तो कायदा रद्द झाला.

९/२५
योगायोग असा, की त्याच वर्षी फ्रान्समध्ये हा कर जन्माला आला. मॉरिस लोरे हे फ्रेंच करप्रशासनातील उच्चाधिकारी, शिक्षणाने अभियंता. १९४८ च्या सुधारणेने उत्पादकांना कच्च्या मालावरील कराची वजावट मिळू लागली होती. यंत्रसामग्री मात्र बाहेरच होती. नवे यंत्र घेणारा कारखानदार त्यावर कर भरे आणि त्या यंत्रातून निघालेल्या मालावर पुन्हा भरे. १० एप्रिल १९५४ च्या कायद्याने ही वजावट भांडवली वस्तूंपर्यंत नेली. युद्धाने मोडलेल्या देशाला नव्या यंत्रांची निकड असताना हा बदल किरकोळ नव्हता.

१०/२५
लोरे यांच्या पद्धतीचा आत्मा मात्र बिलात होता. वरच्याच उदाहरणात पाहू. जिनिंगवाला १० रुपये कर लावून बिल देतो आणि ते १० सरकारात भरतो. सूतगिरणी २०० रुपयांच्या सुतावर २० रुपये लावते, जिनिंगवाल्याचे बिल दाखवून १० वजा करते आणि १० भरते. विणकर ३० लावतो, २० वजा करतो, १० भरतो. एकूण कर ३०, किंमत ३३०. छोटा विणकर आणि बडी गिरणी अखेर एका रांगेत आली.

११/२५
या रचनेची खरी करामत मानवी स्वभावाच्या जाणिवेत आहे. विक्रेत्याला विक्री लपवण्याचा मोह असतो. पण वजावट हवी असलेला खरेदीदार त्याच्याकडे पक्क्या बिलाचा हट्ट धरतो. विक्रेत्याने लपवलेला व्यवहार खरेदीदाराच्या वहीत उमटतो. दोन व्यापाऱ्यांच्या परस्परविरोधी स्वार्थांतून सरकारला फुकटचा साक्षीदार मिळतो. एवढेच नव्हे, प्रत्येक टप्प्यावर थोडाथोडा कर आधीच जमा होत असल्याने शेवटचा विक्रेता पळाला तरी सारेच बुडत नाही.

१२/२५
पण रचनेत दोन भेगा होत्या. पहिली साखळीच्या शेवटी : घरगुती ग्राहकाला वजावट मिळत नाही, म्हणून त्याला बिलाची ओढ नसते. “बिल नको, किती कमी कराल?” हा संवाद तिथूनच निघतो. दुसरी भेग अधिक खोल : बिल हा कर भरल्याचा पुरावा नाही. कर आकारल्याचा आहे. आकारणे आणि भरणे यांमध्ये एक माणूस उभा असतो, आणि तो प्रामाणिक असेलच याची हमी कागद देऊ शकत नाही.

१३/२५
तिसरी अडचण कराच्या सूत्रात नव्हती, बाजारपेठेच्या मनात होती. जुलै १९५३ मध्ये फ्रान्समधील सां-सेरे गावात पिएर पुजाद या स्टेशनरी दुकानदाराने करतपासनिसांविरुद्ध दुकानदारांना उभे केले. वह्या तपासायला येणाऱ्या सरकारी माणसाविषयीचा रोष इतका पसरला, की १९५६ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने ५० हून अधिक जागा जिंकल्या. लोरे यांच्या कराने किरकोळ दुकानदाराला आरंभी बाहेर ठेवले होते. तो कक्षेत आला थेट १९६८ मध्ये.

१४/२५
तोवर हा कर युरोपचा झाला होता. युरोपीय आर्थिक समुदायाने एप्रिल १९६७ मध्ये सदस्य देशांना मूल्यवर्धित कर स्वीकारण्याचे पहिले दोन निर्देश दिले. डेन्मार्कने जुलै १९६७ मध्ये, पश्चिम जर्मनीने जानेवारी १९६८ मध्ये, तर ब्रिटनने एप्रिल १९७३ मध्ये तो लागू केला. कारण व्यावहारिक होते : निर्यातीवर नेमका किती कर परत द्यायचा, हे उलाढाल करात सांगताच येत नसे. मूल्यवर्धित करात ते बिलांच्या बेरजेतून कळते.

१५/२५
इथेच एक सूक्ष्म भेद लक्षात ठेवावा. ‘शून्य दर’ आणि ‘करमाफी’ ऐकायला सारखे, परिणामाने विरुद्ध. शून्य दराच्या मालावर कर लागत नाही आणि मागे भरलेला करही परत मिळतो. निर्यात या वर्गात बसते. करमाफ मालावर कर लागत नाही, पण मागचा कर परत मिळत नाही. तो किमतीत मुरतो. म्हणून माफी मिळालेला व्यापारी नेहमीच सुखी असतो असे नाही. साखळीच्या मध्यावर मिळालेली माफी साखळीच तोडते.

१६/२५
भारतात या वाटेला उशिरा सुरुवात झाली. १९३९ मध्ये राजगोपालाचारींच्या पुढाकाराने मद्रास प्रांताने सर्वसाधारण विक्रीकर आणला. मुंबई प्रांतात तो १९४६ मध्ये आला. उत्पादन शुल्क केंद्राकडे, विक्रीकर राज्याकडे, जकात नगरपालिकेकडे, आणि कोणाचाच कर दुसऱ्याच्या हिशेबात वजा नाही. १९८६ मध्ये अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी ‘मॉडव्हॅट’द्वारे उत्पादन शुल्कापुरती वजावट आणली. राज्यांच्या विक्रीकरात ती येण्यास आणखी दोन दशके लागली.

१७/२५
जानेवारी २००५ मध्ये, पश्चिम बंगालचे अर्थमंत्री असीम दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील राज्यांच्या अर्थमंत्र्यांच्या समितीने श्वेतपत्रिका प्रसिद्ध केली. १ एप्रिल २००५ रोजी महाराष्ट्रासह बहुसंख्य राज्यांत ‘व्हॅट’ आला. देशभर व्यापारी संघटनांनी बंद पुकारले. कराचा दर हे कारण होतेच, पण खरी धास्ती वह्यांची होती. पूर्वी बहुतांश मालावर कर एकाच टप्प्यावर लागे; आता साखळीतील प्रत्येकाला बिल, नोंद आणि विवरणपत्र यांचे गणित जमवायचे होते. सां-सेरेचा दुकानदार या भीतीला ओळखून होता.

१८/२५
महाराष्ट्राचे व्हॅटचे नियम पाहिले, तर प्रत्येक नियम कुठली ना कुठली भेग बुजवण्यासाठी होता. आरंभी ५ लाखांवरील उलाढालीला नोंदणी, कारण अगदी छोट्याच्या मागे लागणे राज्यालाच परवडत नाही. २७ ने सुरू होणारा करदाता क्रमांक, कारण बिल देणारा शोधता आला पाहिजे. ठरावीक मुदतीचे विवरणपत्र, कारण हिशेब शिळा झाला की तपासता येत नाही. मोठ्या उलाढालीला ‘फॉर्म ७०४’चे लेखापरीक्षण आणि त्यातील जे-१ व जे-२ या याद्या : कोणाला विकले, कोणाकडून घेतले.

१९/२५
या दोन याद्यांतच सापळा होता. ‘अ’च्या जे-२ मधील खरेदी ‘ब’च्या जे-१ मध्ये विक्री म्हणून दिसायला हवी. संगणकाने मेळ घालायला सुरुवात केली, तेव्हा कागदावर कोट्यवधींचा माल विकणारी, पण गोदाम नसलेली आणि कर न भरणारी नावे वर आली. बाजारात त्यांना ‘हवाला व्यापारी’ म्हणत. माल नाही, वाहतूक नाही. केवळ कमिशन घेऊन बिल. विक्रीकर विभागाने अशा संशयित व्यापाऱ्यांच्या याद्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केल्या आणि आयकर विभागानेही त्या उचलल्या.

२०/२५
यादीतील नावाकडून खरेदी दाखवणारे दोन प्रकारचे होते. काहींनी जाणूनबुजून कागद विकत घेतला होता. काहींनी खरोखर माल घेतला होता, आणि विक्रेत्याने त्यांच्याकडून घेतलेला कर खिशात घातला होता. महाराष्ट्राच्या कायद्यातील कलम ४८(५) या दोघांत भेद करत नव्हते. त्याचे म्हणणे इतकेच : त्या मालावरील जेवढा कर प्रत्यक्ष सरकारी कोषागारात जमा झाला, त्याहून अधिक वजावट कोणत्याही परिस्थितीत मिळणार नाही.

२१/२५
‘महालक्ष्मी कॉटन जिनिंग’ या प्रकरणात या कलमाला आव्हान दिले गेले. मे २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कलम वैध ठरवले. वजावट हा उपजत हक्क नाही, कायद्याने दिलेली सवलत आहे. सवलतीसोबत अट येऊ शकते, हा त्यामागील विचार. कसूरदार विक्रेत्याकडून वसुली करू आणि जेवढे वसूल होईल तेवढे खरेदीदाराला परत देऊ, अशी राज्याची भूमिका न्यायालयाने नोंदवून घेतली. प्रामाणिक खरेदीदाराची आशा आता त्याला फसवणाऱ्याच्या वसुलीवर टांगलेली राहिली.

२२/२५
युरोपने याच प्रश्नाचे उत्तर निराळे दिले होते. मोबाइल फोन आणि संगणक चिप सीमेपलीकडे गोल-गोल फिरवून कर लाटणाऱ्या टोळ्यांमुळे तिथेही खजिन्याला भगदाड पडले होते. तरी २००६ मध्ये युरोपीय न्यायालयाने दोन निकालांतून रेघ आखली : फसवणुकीची कल्पना नसलेल्या आणि असणे शक्य नसलेल्या व्यापाऱ्याची वजावट अबाधित, ज्याला ठाऊक होते किंवा ठाऊक असायला हवे होते, त्याची मात्र गेली. कसोटी खरेदीदाराच्या वर्तनाची, विक्रेत्याच्या नव्हे.

२३/२५
भारतातही सूर एक राहिला नाही. २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिथल्या तशाच तरतुदीचा अर्थ मर्यादित करून प्रामाणिक खरेदीदाराला संरक्षण दिले. विक्रेता कर भरतो की नाही, यावर ज्याचा ताबा नाही त्याच्याकडून अशक्याची अपेक्षा कशी करावी, हा प्रश्न तिथे निर्णायक ठरला. २०२३ मध्ये कर्नाटकातील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मात्र बजावले, की नुसते बिल आणि धनादेश पुरेसे नाहीत. गाडीचा क्रमांक, भाडे, माल पोहोचल्याची पोच : व्यवहार खरा असल्याचे खरेदीदारानेच सिद्ध करावे.

२४/२५
१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि केंद्र-राज्यांच्या वेगवेगळ्या साखळ्या एका माळेत ओवल्या गेल्या. महाराष्ट्राचा २७ नव्या क्रमांकातही टिकला; आणि विक्रेत्याने कर भरलेला असावा ही अटही कलम १६ मध्ये टिकली. जानेवारी २०२२ पासून विक्रेत्याने बिल पोर्टलवर दाखवले नसेल तर वजावटच मिळत नाही. जपाननेही १९८९ पासून वह्यांवर चालवलेला उपभोग कर ऑक्टोबर २०२३ मध्ये नोंदणीकृत बीजकांवर आणला. नोंदणी न केलेले छोटे चित्रकार आणि आवाज-कलाकार कामे हातची जातील म्हणून विरोधाला उभे राहिले.

२५/२५
म्हणजे शंभर वर्षांनंतरही प्रश्न जागचा हललेला नाही. छोट्या विणकराला बड्या गिरणीच्या बरोबरीला आणण्यासाठी हा कर घडवला गेला, आणि त्यासाठी वसुलीची राखण व्यापाऱ्यांवरच सोपवली गेली. राखणदाराची चूक नसताना चोरी झाली, तर तोटा राखणदाराचा की राज्याचा? आज महाराष्ट्रातला सावध दुकानदार माल उतरवून घेण्याआधी विक्रेत्याचा क्रमांक पोर्टलवर तपासतो, बिल दिसेपर्यंत कराची रक्कम हाती राखतो, आणि गाडीची पोचपावती जपून ठेवतो. त्या सवयींच्या मागे २०१२ च्या निकालाची आणि त्याआधी आलेल्या नोटिशींची आठवण आहे.

(समाप्त)